तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आणि अर्धा राहिलेला डाव

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या बाईकडे लोक आधी जरा संशयानं बघतात, मग तिच्या पाठीमागे बघतात. कर्जतच्या बाजारात माझं दुकान सुरू होऊन आता पुष्कळ वर्षं झाली, तरी नवीन गिऱ्हाईक पायरी चढून आत आलं की विचारतं, "साहेब कुठं गेलेत?" पूर्वी मागच्या खुर्चीत माझा नवरा, अरविंद, पुस्तकात डोकं घालून बसलेला असायचा. तो मान वर न करता सांगायचा, "मी भूगोलाचा मास्तर, तोही रिटायर. मशीन तिच्याकडे द्या." आता ती खुर्ची रिकामी असते आणि मी "साहेब मीच" असं उत्तर देते. साहेब कुठं गेलेत हे सांगण्यापेक्षा ते सोपं पडतं.

या धंद्याबद्दल लिहायचं तर यंत्रांपेक्षा माणसंच आधी आठवतात. पोशीरचे गणपतदादा एकदा लॅपटॉप गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. मुलीच्या लॅपटॉपवर पाण्याचा तांब्या सांडला होता. भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात हे दादांनी कुठंतरी ऐकलेलं. घरात तांदूळ डबाभरच होता, पण भाताची कणगी गळ्यापर्यंत भरलेली. त्यांनी लॅपटॉप त्या कणगीत उभा खुपसला आणि आठवडाभर विसरून गेले. मी मागचं झाकण उघडलं तर आत तूस, कोंडा, दोन-चार अख्खे दाणे आणि एक जिवंत किडा.

"दादा, तांदळात म्हणजे कांडलेल्या तांदळात ठेवायचा असतो. टरफलासकट नाही."

"टरफलाच्या आत तांदूलच हाय ना? का तुमच्या कॉम्प्युटरला कलतं सोललेला का न सोललेला ते?"

दुपारभर मऊ ब्रश घेऊन मी पंख्याच्या पात्यांमधून तूस काढत बसले. पाणी सुदैवानं की-बोर्डाच्या खाली उतरलं नव्हतं. लॅपटॉप सुरू झाला. दादा समाधानानं मान हलवत म्हणाले, "बगा. भातानंच वाचवला." मी वाद घातला नाही.

लॅपटॉपच्या पोटात एक लहान चौकोनी चकती असते, काडेपेटीपेक्षा थोडी लहान. तिला प्रोसेसर म्हणतात. सगळी आकडेमोड तिथं होते. माणसं तिला मेंदू म्हणतात, पण ते तितकंसं बरोबर नाही. मेंदूत आठवणीही असतात. इथं त्या दुसरीकडे, हार्ड डिस्कमध्ये असतात. चकती काढली तरी आठवणी जागच्या हलत नाहीत. हे मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा सांगितलं आहे की मला स्वतःला ते कधी ऐकू आलं नव्हतं.

गिऱ्हाईक येतं ते एकच आकडा पाठ करून येतं. "किती गिगाहर्ट्झचा आहे?" हा वेगाचा आकडा. वेग महत्त्वाचा आहे, पण स्वयंपाकाला बाई किती चपळ आहे एवढंच पाहून चालत नाही. शेगड्या किती, हेही पाहावं लागतं. प्रोसेसरच्या शेगड्यांना कोअर म्हणतात. काही प्रोसेसर असे असतात की एका शेगडीवर भाजीला वाफ येईस्तोवर तीच शेगडी दुसऱ्या भांड्याला वापरून घेतात. दोन शेगड्यांवर चार पदार्थ फिरते राहतात. त्याला चार थ्रेड म्हणायचं. हाताशी मसाल्याचा डबा केवढा, तोही एक प्रश्न. त्यात मोहरी-हळद असली तर ठीक, नसली तर फडताळ, फडताळात नसलं तर माळा. त्या हाताशी असलेल्या डब्याला कॅश म्हणतात. आणि शेवटी गॅस किती जळतो, म्हणजे वॉट. जेवढे वॉट, तेवढी धग, आणि ती धग बाहेर काढायला तेवढाच जोरदार पंखा.

हे सगळं मला समजावून सांगायला आवडतं. अरविंद म्हणायचा, "तू दुरुस्तीचे पैसे घेतेस, शिकवणीचे घेत नाहीस. माझ्याकडून काही शिकली नाहीस."

त्याचा लॅपटॉप तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा. दोन कोअर, चार थ्रेड, वेग अडीच गिगाहर्ट्झ, काम अंगावर आलं तर तीनच्या वर स्वतःहून चढणारा. कॅश तीन एमबी, पस्तीस वॉट. आता त्याच्या पुढच्या कितीतरी पिढ्या येऊन गेल्या. पण चांगली मेमरी आणि नव्या जातीची डिस्क, जिला एसएसडी म्हणतात, ती घातली तर पत्रं लिहायला, हिशेब करायला, सिनेमे बघायला असा लॅपटॉप आजही कुरकुर करत नाही. अरविंद त्याच्यावर यांपैकी काहीच करत नसे. तो बुद्धिबळ खेळायचा.

कॉम्प्युटरशी खेळायचा आणि हरायचा. विचार करायला तो अर्धा अर्धा तास घ्यायचा. गिऱ्हाइकं काउंटरवर वाकून सल्ले द्यायची. "सर, घोडा घाला की." तो शांतपणे घोडा घालायचा आणि घोडा मरायचा. मग सल्ला देणारा माणूस आपला चार्जर घेऊन गुपचूप निघून जायचा. अरविंदची खेळी झाली रे झाली की पलीकडून उत्तर हजर असायचं. त्याचं त्याला वाईट वाटायचं. "निदान विचार केल्यासारखं तरी दाखवावं यानं. याला चार हात आहेत. मला दोन, त्यातल्या एकात चहाचा कप."

दीड वर्षापूर्वी, एका सकाळी, असाच एक डाव अर्ध्यावर सोडून तो दुकानातून दूध आणायला गेला. जाताना लॅपटॉपचं झाकण मिटलं. दुधाच्या दुकानापर्यंत तो पोचला होता, तिथंच कोसळला, एवढं मला तिथल्या माणसांनी सांगितलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी दुकान उघडलं आणि ते झाकण उचललं. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो, बंद होत नाही. उचलल्याबरोबर पट उजळला. पांढऱ्या सोंगट्या त्याच्या. खेळी त्याची होती. मी झाकण पुन्हा मिटलं.

जे मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं ते पुढं मी करत राहिले. त्याची बॅटरी मरायला टेकली होती, इतके दिवस डाव टिकला हेच नशीब. वीज जास्त वेळ गेली की लॅपटॉप बंद पडणार आणि डाव जाणार. म्हणून मी एक यूपीएस घेतला, आणि सगळ्यांना सांगितलं की दुकानासाठी घेतला, कर्जतला लाइट फार जाते. लाइट जातेच, त्यात खोटं काही नव्हतं. लॅपटॉपला इंटरनेट मिळू दिलं नाही, कारण मग अपडेट येतात आणि मशीन आपल्या मनानं बंद होऊन सुरू होतं. डाव सेव्ह करायला मला येत नव्हतं अशातला भाग नाही. चार बटणांचं काम. पण सेव्ह केला म्हणजे मग बंद करायला हरकत उरत नाही. मागच्या फळीवर तो लॅपटॉप एवढासा दिवा मिचकावत झोपून राहिला. त्याच्याकडे पाठ करून मी बाकी जगाचे लॅपटॉप दुरुस्त करत राहिले.

वनिता आली ती गेल्या हिवाळ्यात. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली मुलगी, आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली, म्हणजे यंत्रांच्या भागांची मापाबरहुकूम चित्रं काढणारी. कोर्स करूनही ती कुंभिवलीच्या एका कारखान्यात खोकी भरण्याच्या कामाला जात होती, कारण चित्रं काढायची जागा कुठं रिकामी नव्हती. कुणाकडून तरी तिनं जुना लॅपटॉप घेतला होता. तो इतका रेंगाळायचा की, तिच्याच शब्दांत, "चालू करून मी पानी भरून येते, तरी तो उठलेला नसतो."

तिनं पिशवीतून काढला तेव्हा मी मागच्या फळीकडे वळून बघितलं. अरविंदच्या लॅपटॉपचा सख्खा भाऊ. तेच मॉडेल, तेच करडं झाकण. अरविंदनं घेतला त्या वर्षी या मॉडेलचे लॅपटॉप आमच्या भागात पुष्कळ आले होते, तेव्हा नवल काही नव्हतं. फरक आत होता. हिच्या लॅपटॉपमध्ये त्याच पिढीचा, पण स्वस्तातला पेंटियम प्रोसेसर होता.

मी मेमरी वाढवली, जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली. लॅपटॉप हाक मारल्यासारखा उठायला लागला. वनिता खूश होऊन गेली. मीही.

पुढच्याच आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, ती बापाला घेऊन परत आली. बापाचं नाव धर्मा. डोक्याला रुमाल, कमरेला कोयता अडकवायचा पट्टा, कोयता बहुतेक बाहेर कुठंतरी ठेवून आलेला.

"मावशी, पलतो चांगला. पन ते सॉफ्टवेअर उगडतच नाय."

झालं होतं असं. कुंभिवलीलाच, तिच्या कारखान्याच्या पलीकडे, साचे बनवणारं एक वर्कशॉप होतं. तिथं चित्रं काढायला माणूस हवा होता. सोमवारी त्यांनी तिला बोलावलं होतं. समोर बसून एका भागाचं चित्र काढून दाखवायचं, आणि लॅपटॉप आपला आणायचा, कारण कामही रोज आपल्याच लॅपटॉपवर करायचं होतं. जे सॉफ्टवेअर ते वापरत, त्याची नवी आवृत्ती तिनं घरी टाकली. टाकली गेली. उघडायला गेलं की एक चौकट यायची आणि सगळं मिटायचं.

मी चौकट वाचली. मग आणखी दोनदा वाचली, कारण मला ती वाचायची नव्हती.

"काय म्हनतो?" धर्मानं विचारलं. "म्हातारा झाला का?"

"म्हातारा नाही, दादा. याला एक काम शिकवलेलंच नाही."

मग मी त्या दोघांना सांगितलं, तेच इथं सांगते. तिच्या पेंटियमचा वेग दोन पूर्णांक चार गिगाहर्ट्झ, आय-फाइव्हचा दोन पूर्णांक पाच. कागदावर बघाल तर उन्नीस-बीसचा फरक. पण नवी सॉफ्टवेअर प्रोसेसरकडून एक खास तऱ्हेचं गणित मागतात, ज्यात आठ आठ आकडे एका झटक्यात सोडवायचे असतात. भाताची लावणी करताना बाई रोपांची एकेक चूड लावते, आणि लावणीचं यंत्र आठ ओळी एकदम लावत जातं, तसं. त्या पिढीच्या आय-फाइव्हला ते येतं. पेंटियम स्वस्त करताना त्यातली ती सोय बनवणाऱ्यांनीच बंद करून टाकलेली असते. मेमरी कितीही घाला, डिस्क कसलीही लावा, ती सोय बाहेरून येत नाही. प्रोसेसरच बदलावा लागतो.

"बदलता येतो?" वनितानं विचारलं.

"या पिढीत येतो. नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तो खाली बोर्डालाच डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून, चिकटवलेला असतो. यात सॉकेट आहे. एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला की चकती हातात येते."

मुंबईच्या ज्या व्यापाऱ्याकडून मी सुटे भाग मागवते त्याला फोन लावला. आहे म्हणाला, पण दिल्लीहून येणार, बुधवार-गुरुवार उजाडेल. वनितानं मान खाली घातली. मी म्हटलं, सोमवारपुरता दुसरा एखादा लॅपटॉप देते. ती म्हणाली, "नि मंगलवारी काय सांगू त्यांना? माझ्यामागं आनखी दोगं हायत, मावशी. नाय जमलं तर खोकी हायतच."

हे शेवटचं तिनं रडवेल्या सुरात म्हटलं नाही. खोकी आहेतच, हे ती नुसतं सांगत होती. तेच मला जास्त लागलं.

धर्मा एवढा वेळ दुकान न्याहाळत होता. तो म्हणाला, "ताय, तो फलीवरचा आमच्यासारखाच दिसतोय नाय?"

"तो द्यायचा नाही," मी म्हणाले. जरा जास्तच लवकर म्हणाले.

"बा," वनिता हळूच म्हणाली, "सरांचा हाय तो. चल."

पहिल्या खेपेला ती आली होती तेव्हा झाकणावरचं 'अरविंद सर' असं स्टिकर तिनं वाचलं असणार. दोघं उतरून गेली. एसटीला वेळ होता, म्हणून समोरच्या टपरीवर जाऊन उभी राहिली. बाप चहा पीत होता. मुलगी लॅपटॉपची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती.

मी एका प्रिंटरचं काम पुढं ओढलं. मला पहिला विचार आला होता तो अख्खा लॅपटॉपच तिला देऊन टाकण्याचा, आणि तो मी उंबऱ्याच्या आत घेतला नव्हता. दुसरा विचार मात्र आत येऊन बसला. तिला लॅपटॉप नको होता. तिला त्यातली एक चकती हवी होती. आठवणी चकतीत नसतात. हे वाक्य इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी दुसऱ्यानं सांगितल्यासारखं ऐकू आलं.

मी पायरीवर जाऊन हाक मारली. टपरीवाला म्हणाला, "जा रं, बाय बोलावतीय."

"मी यातला प्रोसेसर काढून तुझ्यात बसवते," मी वनिताला सांगितलं. "मॉडेल एकच आहे, बोर्ड एकच. दोन्ही पस्तीस वॉटचे, तेव्हा पंख्यालाही झेपेल."

तिनं बापाकडे बघितलं. धर्मा बोलला. "आनि ह्याचं काय?"

"हा राहील तसाच."

"तसाच म्हंजे? बंद?"

"बंद."

धर्मानं डोक्याचा रुमाल काढला, झटकला, पुन्हा बांधला. "नाय ताय. असं नाय घ्यायचं आमाला. लावनीला आमी दुसऱ्याच्या शेतावर जातो, मंग तो आमच्या शेतावर येतो. एकाचं शेत लागलं नि दुसऱ्याचं पडीक, असं कोन करत नाय. आमच्यातला काडाल तो तुमच्यात घाला. त्याला चालंल ना?"

चालेल की नाही, हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? एक मॉडेल, एक बोर्ड, एक सॉकेट, चालणारच. पण ते माझ्या मनातच आलं नव्हतं. माझ्या लेखी तो लॅपटॉप फक्त अरविंदच्या चकतीवर चालणारा होता, जसा तो अरविंदच्याच हातानं उघडणारा होता.

"चालेल," मी म्हणाले. "थोडा सावकाश चालेल."

"सावकाश चालला तर काय बिगडतंय? तुमाला कुटं कुंभिवलीला जायचंय?" धर्मा म्हणाला, आणि वनितानं त्याला कोपरानं ढोसलं.

प्रोसेसर काढायचा म्हणजे आधी लॅपटॉप पूर्ण बंद करायला हवा. मी फळीवरून तो खाली घेतला, झाकण उचललं. पट उजळला. मी डाव सेव्ह केला. विश्वास बसेना, म्हणून एका पाकिटाच्या मागच्या बाजूला सोंगट्यांच्या जागाही पेन्सिलीनं काढून ठेवल्या. मग बंद करण्याच्या बटणावर बाण नेला आणि थांबले.

"मावशी, मी दाबू?" वनितानं विचारलं.

"नको. मीच दाबते."

पडदा काळा झाला. फळीवर इतके महिने मिचकावणारा दिवाही गेला. पंखा थांबल्यावर दुकानात एक आवाज कमी झाल्याचं जाणवलं. झोपलेल्या लॅपटॉपचा पंखा फिरत नसतो; तो आवाज झाकण उचलल्यापासूनचा, एवढ्या वेळापुरताच होता.

पुढचं काम हातांना माहीत होतं. स्क्रू सुटले, झाकणं निघाली, तांब्याची नळी आणि पंखा बाजूला झाले. प्रोसेसर आणि त्या तांब्याच्या मधे एक लेप असतो, धग पलीकडे पोचवणारा. वर्षानुवर्षांत तो वाळून भिंतीच्या चुन्यासारखा होतो. तो पुसला. सॉकेटचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि चकती सरळ वर उचलली. खाली केसासारख्या जवळजवळ हजार पिना असतात. एक वाकली तरी खेळ खलास. चकतीच्या एका कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण असतो आणि सॉकेटवर त्याची खूण. खूण जुळली की चकती आपल्या वजनानं बसते. दाबायची नाही. जिथं दाबावं लागतं तिथं काहीतरी चुकलेलं असतं.

चकत्या बदलल्या. नव्या लेपाची ट्यूब काढली.

"किती लावायचा?" वनिता अगदी वाकून बघत होती.

"तांदळाच्या दाण्याएवढा."

"कंच्या तांदलाच्या?" धर्मानं विचारलं. "कोलम का आमचा जाडा?"

मी इतक्या जणांना हे माप सांगितलं होतं, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि या तालुक्यात तरी तो सगळ्यांत आधी विचारला जायला हवा होता. "कोलम," मी म्हणाले. "जाडा लावला तर बाहेर ओघळेल."

आधी वनिताचा सुरू केला. पंखा फिरला. पडदा काळाच. मग पंखा थांबला. धर्मानं माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही. नवा प्रोसेसर ओळखताना बोर्ड कधी कधी असा एकदा बंद होऊन पुन्हा उठतो, हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असण्याचा तेव्हा काही उपयोग नव्हता. पिना माझ्या डोळ्यांसमोर एकेक करून वाकत होत्या. मग पंखा आपणहून पुन्हा फिरला आणि पडद्यावर अक्षरं आली.

वनितानं सॉफ्टवेअर उघडलं. चौकट आली नाही. मोकळी राखी पाटी उघडली. तिनं पाटीवर एक वर्तुळ काढलं, त्याच्या आत दुसरं, त्यांना जाडी दिली, आणि चित्र उचलून बोटानं फिरवावं तसं सगळं फिरवून बघितलं. लोखंडाची एक चकती झाली होती.

"ही काय काडलीस?" बाप म्हणाला.

"वायसर, बा."

"एवड्यासाठी एवडं? चार आन्याला भेटतो तो."

मग अरविंदचा. तो पहिल्याच खेपेला उठला, मात्र सावकाश. मी डाव उघडला. सोंगट्या पाकिटावरच्या चित्राप्रमाणे जागच्या जागी होत्या. त्या दोघांसमोर मला तिथं बसून राहायचं नव्हतं, म्हणून मी झाकण मिटलं आणि वनिताच्या लॅपटॉपचे स्क्रू पुन्हा एकदा तपासले. ते घट्टच होते.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. मागं कसलंतरी यंत्र घरघरत होतं, त्यामुळे ती ओरडून बोलत होती. "मावशी, त्यांनी मला काय काडायला दिलं म्हाईत हाय का? वायसर. मोटा." नोकरीचं त्यांनी नंतर कळवलं, त्या आठवड्याच्या शेवटी. आता ती तिथंच आहे. खोकी भरायचं काम तिनं सोडलं त्या दिवशी धर्मा खास वाट वाकडी करून दुकानात आला होता. कागदाच्या पुडीत मूठभर तांदूळ, लालसर, जाडा. "लेपाच्या मापाला ठेवा," म्हणाला. ती पुडी माझ्या स्क्रू-ड्रायव्हरच्या खणात आहे.

नव्या लॅपटॉपमध्ये असली अदलाबदल होत नाही, याचं मला वाईट वाटतं. ते पातळ आहेत, हलके आहेत, कमी तापतात. त्यांच्या प्रोसेसरच्या अर्ध्या ताकदीलाही आमची तिसरी पिढी पुरी पडायची नाही. ते मी नाकारत नाही. पण त्यांच्यात सगळं एकमेकांना डाखलेलं असतं. एक भाग गेला की सगळं गेलं. अर्ध्या फेऱ्याचा तो स्क्रू होता तोवर एकाचं दुसऱ्याच्या कामी येत होतं. माझ्याकडे अजून त्या पिढीची मशीनं येतात, शाळांतली, पतपेढ्यांतली, कुणाच्या माळ्यावरची. मी कुणाला लगेच भंगारात काढा म्हणत नाही. आधी झाकण उघडून बघते.

अरविंदचा तो डाव मी पुढं खेळले. मला बुद्धिबळ जेमतेम येतं, तेही त्याच्या शेजारी बसून आलेलं. दिवसाला एक खेळी, गिऱ्हाईक नसताना. मी घोडा उचलते, ठेवते, आणि थांबते, कारण आता उत्तर लगेच येत नाही. वनिताच्या पेंटियमला दोनच थ्रेड. पंखा थोडा मोठा होतो, पटावर काही हलत नाही, आणि मग कुणीतरी खरंच विचार करून उचलावी तशी एक काळी सोंगटी सरकते. अरविंदला हे फार आवडलं असतं. दोन हात त्याचे, दोन हात याचे.

डाव मी हरले. अरविंदही हरला असताच. त्याच्या राजाची अवस्था मुळातच बरी नव्हती. हरल्यावर पडद्यावर विचारणा आली, नवा डाव मांडायचा का. मी मांडला. या वेळी काळ्या सोंगट्या घेतल्या, म्हणजे सुरुवात त्यानं करायची.

मध्यंतरी सुट्टीच्या दिवशी वनिता पंखा साफ करून घ्यायला आली. फळीकडे बघून म्हणाली, "नवीन घेतला ना मावशी, की तुमचा तुमाला परत देईन."

"घे तू नवीन. मग बघू," मी म्हणाले. "त्याचं इथं काही अडलेलं नाही."

खोटं नव्हतं ते. यूपीएस मी काउंटरच्या मशीनला जोडला आहे, ज्याच्यासाठी तो घेतल्याचं मी सगळ्यांना सांगितलं होतं. आणि संध्याकाळी दुकान आवरताना आता मी अरविंदचा लॅपटॉपही बंद करते, बाकीच्यांसारखाच. सकाळी बटण दाबते. थोडा वेळ लागतो त्याला. मी तोवर पायरी झाडून घेते.